हरकत नसेल तर

आमच्या टीमबद्दल सांगायला गेलं की समोरचा आधी विचारतो, "पगार किती?" मिळत नाही म्हटलं की त्याला माझी कीव येते. लिहायला आणि हिशेब करायला लागतं तसलं एक सॉफ्टवेअर आहे. ते कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. जगभरातले हौशी लोक आपापल्या सवडीनं ते बनवतात आणि कुणालाही फुकट वापरू देतात. त्यातला शब्द न् शब्द मराठीत आणायचा, चुका शोधायच्या, वापरणाऱ्यांच्या शंका सोडवायच्या, एवढं आमचं काम. आणि ही मराठी टीम सोलापुरात मी सुरू केली. हे वाक्य आत्ताच लिहून टाकतो, कारण पुढं ते लिहायची संधी फार मिळणार नाही.

मी इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. सात रस्ता चौकाजवळ ओळखीच्या एकाची शिकवणीची खोली रविवारी रिकामी असते, तिथं आम्ही जमतो. माझी शिस्त कडक. कुणीही भाषांतर केलं तरी ते माझ्या मंजुरीशिवाय पुढं जायचं नाही. मी ते काना-मात्रेसकट तपासायचो, आणि कॉलेजच्या परीक्षा आल्या की तपासणी रेंगाळायची. माणसं वाट बघायची, दोन-तीनदा विचारायची आणि यायची बंद व्हायची. ज्यांना तळमळ नाही ते गेलेलेच बरे, असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "अहो, मग तुम्ही एकटेच उराल."

मग ती आली. टेंभुर्णीची, बँकेत नोकरीला, चाळिशीच्या आसपासची. एसटीनं यायची आणि जिन्यातूनच तिचा आवाज खोलीत पोचायचा. पहिल्याच रविवारी मी अनुस्वाराचे नियम समजावून देत होतो, तर ही मागच्या बाकावरच्या दोन नव्या माणसांशी कुजबुजतेय, कुठं अडलं, चहा घेतला का! तिचं कुजबुजणंही सगळ्यांना ऐकू जातं. तास संपल्यावर मला म्हणाली, "सर, एकेकट्याला काम देऊ नका. माणूस घरी जाऊन इसरतो. आमच्याकडं खुरपणीला सावड करत्यात की. आज समदी माझ्या रानात, उद्या समदी तुमच्या. हितंबी तसंच करूया."

मी म्हटलं, "बाई, हे सॉफ्टवेअर आहे, खुरपणी नव्हे."

"व्हय, व्हय," म्हणाली, आणि पुढच्या रविवारपासून सुरू केलं. एका रविवारी सगळ्यांनी मिळून एकाचंच अडलेलं काम काढायचं, पुढच्या रविवारी दुसऱ्याचं. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना खायला आणायचं. आपलं काम झालं म्हणून कुणी घरी बसला तर त्याला फोन, "आमच्या रानात कधी येताय?" त्यामुळे माणूस गळेचना. उलट येताना शेजाऱ्याला घेऊन यायला लागला. खालच्या दुकानातून खुर्च्या मागून आणाव्या लागल्या आणि त्या वर चढवायचं काम माझ्याकडं आलं.

मला तिचा हेवा वाटत होता. नुसता हेवा म्हणजे कमीच सांगितलं, माझा जळफळाट होत होता. तिच्या कामात मी चुका शोधत बसायचो. एकदा एक खरंच सापडली. मी ती सगळ्यांसमोर, अगदी शांत आवाजात दाखवली. ही मोठ्यांदा हसली आणि म्हणाली, "बरं झालं सर बघितलंत. न्हाईतर अख्ख्या महाराष्ट्रात माजी शोभा झाली असती." सगळे हसले आणि ती त्यांना आणखीनच आवडली. चूक तिची आणि चेहरा पडला माझा.

अक्कलकोटकडचा एक औषध दुकानदार आमच्यात आहे. त्याच्या दुकानात शेजारी बसून मी त्याला हे सॉफ्टवेअर शिकवलं, मध्येमध्ये गिऱ्हाइकांना गोळ्यासुद्धा दिल्या. त्या माणसाचा एके दिवशी मला फोन. वाटलं, काही अडलं असेल. तर म्हणतो, "सर, जरा मॅडमचा नंबर द्या की." दिला. शेवटचा आकडा चुकीचा सांगायचं मनात येऊन गेलं, पण दिला.

आता एक नियम सांगायला हवा. असल्या कामात सगळ्यांची बैठक भरवून मतं घेत बसलं तर काहीच होत नाही. म्हणून ठराव सगळ्यांना ईमेलनं कळवायचा आणि आठवडाभर थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही तर ठराव मंजूर. जगभर अशा प्रकल्पांमधून हे चालतं. आमच्या टीममध्ये हा नियम मीच आणला, कारण माझ्या ईमेलला कुणी उत्तरच द्यायचं नाही. माझे सगळे ठराव असेच मंजूर झाले होते.

तिचा ठराव मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वाचला. मंजुरीचा अधिकार एकट्याकडे न ठेवता चौघांना द्यावा. समन्वयक दर वर्षी बदलावा. यंदा ती जबाबदारी घ्यायला आपण तयार आहोत. कुणाची हरकत नसेल तर पुढच्या रविवारपासून.

माझं डोकं फिरलं. उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, आणि ठरवलं की बोलायचंच नाही. आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याइतका मोठा आवाज दुसरा कशाचाच नसतो. मी अबोला धरला की बायको भाजी बदलते, सासुरवाडीहून फोन येतो. लग्नात जावई रुसला की अख्खा मांडव त्याच्या मागं फिरतो, इथं तर टीम उभी करणारा माणूस रुसला होता. कुणीतरी विचारेल, सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत? आठवडाभर मी फोन उशाशी घेऊन झोपलो. आंघोळीला जातानाही तो बायकोच्या हातात देऊन जायचो. शेवटी तिनं विचारलं, "कुणाचा यायचाय एवढा?"

कुणाचाच आला नाही. रविवारी सकाळी टेंभुर्णीहून तिचा ईमेल आला. कुणाचीही हरकत नाही, ठराव मंजूर. सरांचीही संमती मिळाली याचा विशेष आनंद आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडं?

मी तसाच खोलीवर गेलो. सगळे बसले होते. उभा राहिलो आणि म्हणालो, "मी यातून बाहेर पडतोय. इथून पुढं सगळं तुमचं तुम्ही बघा." आणि थांबलो. आता एकेकजण उठेल, नाही नाही म्हणेल, दुकानदाराच्या तर डोळ्यांत पाणी येईल, असं माझं चित्र होतं.

"अवं सर! असं एकदम?" ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग ती बाकीच्यांकडं वळली. "तर मग आज सरांची सावड. सरांवर किती वर्षांचं वझं हाय, आजच वाटून घ्यायचं."

आणि घेतलं की! शंकांची उत्तरं एका निवृत्त पोस्टमननी मागून घेतली. मंजुरीचं काम दोन शिक्षिकांनी आणि दुकानदारानं घेतलं, चौथी ती स्वतः. हे फार नाजूक काम आहे, वर्षं लागतात शिकायला, असं मी बजावलं. एका शिक्षिकेनं एक भाषांतर वाचलं, दुरुस्त केलं आणि माझ्याकडं बघितलं. बरोबर होतं. मला मान हलवावी लागली. उन्हं उतरेपर्यंत माझ्याकडं माझं असं काही उरलं नव्हतं. जाताना प्रत्येकजण माझ्या पाया पडला. त्यानं तर आणखीनच वाईट वाटलं, कारण कुणी थांबा म्हणत नव्हतं.

खोलीला कुलूप लावून ती आणि मी खाली उतरलो. तिला स्टँडवर जायचं होतं. रिक्षाची वाट बघत उभी असताना ती खोलीची किल्ली या हातातून त्या हातात करत राहिली. असं तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

"सर, आता मोकळं झालाय, तर एक इचारू? मोडनिंबला याल का?" ती म्हणाली. "तितं नवी टीम काढायचीय. मी दोनदा बोलावलं. शाळेत खोली मिळवली, च्या सांगितला. चिटपाखरू फिरकलं न्हाई."

"तुम्हाला माणसं काय कमी?" मी म्हणालो. शक्य तितकं तिरकं म्हणालो.

"जमलेली सांबाळाय येत्यात मला. पण हितं काईच नव्हतं तवा तुमी एकेकाला गाठून आणलं. ते मला न्हाई जमत. मी इचारते ना सगळ्यास्नी, तुमी हितं कसं आला? तर पोस्टमन काका म्हणत्यात, सरांनी आणलं. दुकानदार म्हणतो, सरांनी शेजारी बसून शिकवलं. मी एवढं राबते, पण कुणीबी सुरुवात सांगाय लागलं की तुमचंच नाव. खरं सांगू का? लई जळते मी तुमच्यावर."

रस्त्यावर फारशी वर्दळ नव्हती. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिचा आवाज कसा आहे ते मी सांगितलंच आहे. मी तिच्याकडं थोडा वाकलो आणि कानामागं हात धरून म्हणालो, "काय म्हणालात? शेवटचं जरा नीट ऐकू नाही आलं."