चौथ्या मजल्याची पट्टी

त्या सहा मजली इमारतीत कोणाला किती पगार मिळतो हे फक्त दोघांना माहीत होतं. एक हिशेबनीस आणि दुसरा लिफ्टमन. हिशेबनीसांना त्यासाठी वही उघडावी लागायची. लिफ्टमनला सगळं तोंडपाठ होतं.

त्यात त्याची हुशारी काही नव्हती. लिफ्टमध्ये शिरलं की माणसं असं बोलतात, जणू स्टुलावर माणूस बसलेला नाही, कुंडी ठेवलेली आहे. तिसऱ्या मजल्यावरचा जाडा कारकून आणि बारीक कारकून एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकच काम करायचे, पण जाड्याला बारक्यापेक्षा दीडपट मिळायचं. बारक्याला हे ठाऊक नव्हतं. तो रोज लिफ्टमध्ये जाड्याला म्हणायचा, "आपल्यासारख्या गरिबांचं काही खरं नाही रे." आणि जाडा मान हलवून म्हणायचा, "काही खरं नाही." लिफ्टमन समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा. शिपाई दिवसभर उभा, म्हणून त्याला लिफ्टमनपेक्षा थोडं जास्त. लिफ्टमनचं बसून काम, म्हणून कमी. एकोणीस वर्षं तो दिवसभर वरखाली करत होता, पगार मात्र त्याच मजल्यावर अडकलेला.

लिफ्ट जुनी होती. जाळीचं सरकतं दार, पितळी मूठ, मूठ वर केली की वर, खाली केली की खाली. जिना लिफ्टला गुंडाळून वर गेलेला, त्यामुळे लिफ्टमध्ये कोणी शिंकलं तर सहाही मजल्यांवर कळायचं. मुठीच्या वर लाकडी फळी होती आणि फळीवर सहा पांढऱ्या पट्ट्या. एखाद्या मजल्यावर कोणी बटण दाबलं की घंटी वाजायची आणि त्या मजल्याची पट्टी टपकन खाली पडायची. तिथला माणूस आत आला की लिफ्टमनने बोटाने पट्टी परत वर ढकलायची. एवढंच काम.

ऑफिसात त्याला "ए लिफ्ट" म्हणत. घरी त्याचं नाव रेडिओ. रात्रीची जेवणं झाली की मेहुणी शेजारच्या खोलीतून यायची, भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "भाऊजी, आज काय लागलंय रेडिओवर?" मग तो एकेक मजला सोडायचा. जाड्याची जांभई, बारक्याचं नाकातलं बोलणं, हिशेबनीसांचं "बघू, बघू, बघतो म्हणालो ना", आणि शेवटी मोठे साहेब. मोठे साहेब वाक्याआधी दोनदा खाकरायचे, एकदा घशासाठी आणि एकदा रुबाबासाठी. मग "मुद्दा असा, की." बायको भांडी घासता घासता म्हणायची, "अहो, हळू. भिंतींना कान असतील." तो म्हणायचा, "असू देत की. मला आहेत, मला कोणी काही म्हणतं का?"

एकाच माणसाचा आवाज तो कधी काढत नसे. चौथ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई. सगळ्या इमारतीत त्या एकट्याच त्याला भाऊ म्हणायच्या. गुडघे गेलेले, म्हणून लिफ्टशिवाय गती नव्हती. रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी चौथी पट्टी पडायची. बाई निळा थर्मास घेऊन आत यायच्या, "तळमजला, भाऊ" म्हणायच्या, खाली गरम पाणी भरून घ्यायच्या आणि वर जायच्या. बत्तीस वर्षं नोकरी, अजून दोन वर्षं आणि दोन महिने भरले की पूर्ण पेन्शन. हेही त्याला लिफ्टमध्येच कळलेलं.

तर एका मंगळवारी सकाळी मोठे साहेब आणि हिशेबनीस लिफ्टमध्ये शिरले. बाईंनी नवीन खुर्ची मागितली होती, हिशेबनीसांच्या हातात तो अर्ज होता. साहेब दोनदा खाकरले आणि म्हणाले, "मुद्दा असा, की खुर्चीची स्प्रिंग गेलीय, आणि खुर्चीवरच्या बाईंचीही. खुर्ची बदलायची तर पैसे पडतात. बाई दोन वर्षांनी फुकटात बदलतात." हिशेबनीस हसले. कुंडी गप्प राहिली.

पण असला ऐवज रात्रीपर्यंत पोटात राहतो थोडाच. अकराच्या सुमाराला साहेब बँकेत गेलेले, दोघे कारकून फायली घेऊन वर निघालेले, आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर शिपायाची वाट बघत उभी. जाडा म्हणाला, "सकाळी साहेब काय म्हणाले रे? हिशेबनीस एकटेच हसत फिरतायत." लिफ्टमनने इकडेतिकडे पाहिलं, दोनदा खाकरला आणि सगळं जसंच्या तसं सोडलं. जाड्याने भिंतीला हात टेकला. बारका डोळे पुसत म्हणाला, "पुन्हा, पुन्हा. खाकरण्यापासून." त्याने पुन्हा केलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

तेव्हा चौथी पट्टी पडलेली होती. घंटी हसण्यात बुडाली असावी.

चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. फरशीवर नुसता निळा थर्मास उभा होता, झाकण उघडं. त्याने जाळी उघडून हाक मारली, "ताई?" बाईंच्या खोलीतून टाइपरायटरचा आवाज येत नव्हता. बराच वेळ येत नव्हता. मग एक अक्षर उमटलं. मग दुसरं.

दुसऱ्या दिवशी शिपायाने बातमी आणली. "टायपिस्टबाईंनी राजीनामा दिला. महिन्याची मुदत आहे. मोठे साहेब त्यांच्याबद्दल लिफ्टमध्ये काहीतरी वाईटसाईट बोलले, बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं म्हणे."

"साहेब काय म्हणतात?"

"साहेब म्हणतात, मी बोललोच नाही, मी बँकेत होतो. पण बाईंना काही विचारलं की फक्त मान हलवतात. वेडेपणा आहे. दोन वर्षं कळ काढली असती तर जन्माची सोय झाली असती. शेवटच्या दिवशी पाचपर्यंत कागद परत घेता येतो, बघू, घेतील."

साहेबांची नक्कल आपणच केली हे सांगितल्यावर आपली नोकरी त्या संध्याकाळी संपणार, हे लिफ्टमनला शिपायाने सांगायची गरज नव्हती. घरात मिळवता तो एकटा. त्याने ठरवलं, उद्या सांगू.

त्याच दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी चौथी पट्टी पडली. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने मूठ जोरातच वर केली. चौथ्यावर कोणी नव्हतं. बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं, आतून टाइपरायटर चालल्याचं ऐकू येत होतं, आणि तो ऐकत असतानाच आवाज थांबला. थोड्या वेळाने बाई थर्मास घेऊन बाहेर आल्या, लिफ्टकडे न बघता जिन्याकडे वळल्या आणि कठडा धरून उतरू लागल्या. एक पायरी, मग श्वास. मग पुढची पायरी.

"ताई, लिफ्ट आहे की."

"राहू दे, भाऊ. चालतच जाते."

हे रोज होऊ लागलं. बाई टेबलाशी, पट्टी खाली. बटणाजवळ चिटपाखरू नाही. त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने चौथ्यावरचं बटण उघडलं, आत फुंकर मारली, स्क्रू तोंडात धरून म्हणाला, "झुरळ असेल." दुसऱ्या दिवशी झुरळ वेळेवर आलं. मग मेकॅनिकने वायरच काढून खिशात घातली आणि लिफ्टमध्ये घड्याळ बघत उभा राहिला. अकरा दहाला घंटी वाजली, पट्टी पडली. मेकॅनिकने खिसा चाचपला. वायर होती. "मी आठवड्याने येतो," तो म्हणाला आणि जिन्याने गेला.

घरी मेहुणी म्हणाली, "भाऊजी, रेडिओ बंद पडला की काय? साहेब ऐकवा ना."

त्याला वाटलं, नाही म्हटलं तर विचारत बसेल. तो दोनदा खाकरला, तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "तळमजला, भाऊ."

मेहुणी हसायची थांबली. "ही कोण?"

"कोणी नाही." त्याने पुन्हा प्रयत्न केला, जाड्याचा, मग बारक्याचा. प्रत्येक वेळी तोच आवाज, थकलेला, गुडघ्यांतून आल्यासारखा. "राहू दे, भाऊ. चालतच जाते."

बायको ओले हात घेऊन दारात आली. "अहो, पुरे. त्या बाईला घरात आणू नका."

महिनाभर तो रोज "उद्या" म्हणत राहिला, आणि महिनाभर बाई त्याच्या लिफ्टभोवती चढत उतरत राहिल्या. जाळीतून आधी त्यांच्या चपला दिसायच्या, मग थर्मास, मग चेहरा, आणि चेहरा कधीच आत बघायचा नाही. शेवटचा दिवस उजाडला. पट्टी पडली. तो वर गेला, जाळी उघडली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत स्टूल सोडून उठला. पायांना न हलणारी जमीन विचित्र वाटली.

बाईंनी टाइपरायटरवर झाकण घातलेलं होतं. खुर्ची तीच, एका बाजूला कललेली, आणि बाई दुसऱ्या बाजूला रेलून तिचा तोल सांभाळत होत्या.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी साहेब नव्हते. मी होतो. मी त्यांचा आवाज काढतो. कारकुनांना हसवायला काढला. तुम्ही कागद परत घ्या. मी आता खाली जाऊन साहेबांना सांगतो, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"आवाज तुमचा," त्या म्हणाल्या. "शब्द कोणाचे?"

इथे त्याने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खोटं बोलायचं ठरवलं. "शब्दही माझेच. मनाने जुळवले."

"भाऊ, बसा."

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. तो उभाच राहिला.

"बत्तीस वर्षं मी त्यांची पत्रं टाइप केलीत. आधी वस्तू, मग माणूस, शेवटी खर्च. त्यांचं प्रत्येक वाक्य असंच चालतं. खुर्ची, मी, पैसे. तुम्ही हुबेहूब काढलंत, पण वाक्य त्यांचं आहे. तुम्हाला असं जुळवता येणार नाही. तुम्ही तसे नाही."

लिफ्टमनने मान खाली घातली. मग हट्टाने म्हणाला, "असेना त्यांचं. दोन वर्षं कानात बोळे घाला. पेन्शन सोडायची नाही, ताई. बाहेर काय मिळणार आहे?"

"पानामागे मिळतं. कोर्टकचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसतात ना, तिथे एक जागा आहे. इथल्याच्या अर्धंही सुटणार नाही, ते मला ठाऊक आहे." त्यांनी खण उघडून एक कागद काढला. "वाचा. कालचं पत्र आहे. पाठवायच्या आधी माझं लक्ष गेलं म्हणून थांबवलं."

तो वाचू लागला. सिमेंटच्या दोनशे पोत्यांची मागणी. पोती कोरडी असावीत. गाडी सकाळी यावी. आणि त्यानंतर, त्याच ओळीत, एकही अक्षर न चुकता, खुर्चीची स्प्रिंग गेलीय आणि खुर्चीवरच्या बाईंचीही. पुढे पुन्हा सिमेंट.

"मी टाइप केलं नाही ते," बाई म्हणाल्या. "म्हणजे बोटं माझीच. दहा दिवसांत तिसऱ्यांदा झालंय. अकराच्या पुढे मला तुमची घंटी ऐकू येते, बोटं थांबतात, आणि पुन्हा सुरू झाली की हे लिहितात. टायपिस्टच्या बोटांवर भरवसा राहिला नाही की मग तिला पगार कशाचा द्यायचा?"

"घंटी तुम्ही नाही वाजवत?"

"मी कशी वाजवणार? मी इथे असते. मला वाटलं, तुम्ही बोलावता."

बाहेर लिफ्ट उघडी उभी होती, आणि खालच्या मजल्यांवर लोक "ए लिफ्ट" म्हणून जिन्यात ओरडत होते.

"साहेबांकडे जाऊ नका," बाई उठत म्हणाल्या. "तुमची नोकरी जाईल आणि माझी बोटं काही परत येणार नाहीत. आज मात्र लिफ्टने सोडा मला. गुडघे फार दुखतात."

त्या आत आल्या. हातात निळा थर्मास आणि एक कापडी पिशवी. त्याने पट्टी बोटाने वर ढकलली, मूठ खाली केली. तिसरा गेला, दुसरा गेला.

"भाऊ, माझा आवाज काढता का कधी?"

महिनाभर त्याच्या तोंडातून दुसरं काही निघालंच नव्हतं. "नाही ताई," तो म्हणाला. "तो जमत नाही."

"बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि तळमजल्यावर उतरून गेल्या. पाच वाजून गेले. कागद परत मागायला कोणी आलं नाही.

सोमवारी चौथ्यावर नवी मुलगी आली, बाईंच्या निम्म्या पगारावर. आणि तिच्यासाठी नवीन खुर्ची. बारक्या कारकुनानेच ती वर नेताना लिफ्टमध्ये घुसवली, आणि म्हणाला, "बघ, शेवटी आलीच खुर्ची."

अकरा दहाला दोघे कारकून पुन्हा फायली घेऊन सहाव्याला निघालेले. घंटी वाजली. पट्टी पडली.

"चौथ्यावर कोण आहे आता?" जाडा म्हणाला. "ती पोरगी तर हिशेबनीसांकडे कागद भरत बसलीय."

लिफ्टमनने लिफ्ट थांबवली, जाळी उघडली. फरशीवर काहीच नव्हतं. एका माणसाला आत यायला लागतो तेवढा वेळ त्याने दार धरून ठेवलं, थर्मासला जागा व्हावी म्हणून स्टूल थोडं सरकवलं आणि जाळी ओढून घेतली.

"तळमजला, भाऊ."

बारका खिदळला. "वा, काय हुबेहूब काढलास रे बाईंचा आवाज. पुन्हा, पुन्हा."

लिफ्टमनचे दात घट्ट आवळलेले होते, सकाळपासून, मुद्दाम. त्याने पट्टी वर ढकलली. कारकुनांना सहाव्यावर जायचं होतं. त्याने मूठ खाली केली.