महिपतीचा कान

सोलापुरात गिरणीच्या चाळीत कुणाला ताप आला की आधी महिपतीला बोलावत. महिपती डॉक्टर नव्हता, वैद्यही नव्हता. तो गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, कापड विणायचा. पण अठरा सालच्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, तो आजारी पडला होता आणि मेला नव्हता. त्या साथीत चाळीतल्या घराघरातलं माणूस गेलेलं, त्यामुळे एवढी लायकी लोकांना पुरे वाटे.

खरं सांगायचं तर त्याचं बरंचसं बरोबरच असायचं. साधं पडसं आणि मानमोडीचा ताप यांत तो गल्लत करत नसे. पडसं नाकातून हळूहळू येतं. हा ताप आला की सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी भिंत धरतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं, डोळे उघडवत नाहीत. मग महिपती हुकूम सोडी. कामावर जायचं नाही, अंथरूण वेगळं, तांब्या वेगळा, पोराबाळांनी लांब राहायचं, गरम पाणी आणि पातळ आंबील सारखी पाजायची. बहुतेक तापकरी आठवड्याच्या आत उठत. ते तसेही उठले असते, पण हे कुणी बोलून दाखवत नसे.

या सगळ्यावर कळस म्हणजे त्याचा कान. माग बिघडला की दिसायच्या आधी ऐकू येतो, माणसाच्या छातीचंही तसंच, असं त्याचं म्हणणं. तो पटका काढायचा, तापकऱ्याच्या पाठीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "साफ हाय." आजवर त्यानं तपासलेली एकही छाती खराब निघाली नव्हती. याचं कारण साधं होतं. वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटात उभा राहून महिपती जवळजवळ बहिरा झाला होता, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

त्याला कळणार तरी कसं? साचे खात्यात कानाचा उपयोग कुणालाच नसतो. तिथं माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचतात. महिपती तर चार माग ओलांडून पलीकडच्यानं दिलेली शिवी वाचायचा आणि तिथूनच परत करायचा. घरी बायको, बजाबाई, त्याच्या समोर आल्याशिवाय तोंड उघडत नसे. शेजारणींनाही तिनं बजावून ठेवलं होतं, "त्यांच्या तोंडाम्होरं हुबं ऱ्हाऊन बोला. मागनं बोललेलं त्यांना आवडत न्हाय." बाईनं नवऱ्याचा बहिरेपणा असा झाकला की नवऱ्यालाही दिसू नये. मला विचाराल तर एवढा झाकायला नको होता.

बत्तीस सालच्या थंडीत बजाबाईलाच ताप आला. महिपतीनं रिवाजाप्रमाणे सगळं केलं. ताप उतरला, ती उठली, तिनं चार भाकरी थापल्या आणि महिपतीनं चाळभर सांगितलं की बजा बरी झाली. दुसऱ्या दिवशी ताप परत चढला, आधीपेक्षा जास्त. उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. त्या कुशीवर पडलं की दुखणं जरा दबायचं, म्हणून ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

महिपतीनं पटका काढला, पाठीला कान लावला आणि सांगितलं, "साफ हाय. अशक्तपना हाय नुसता." मग रजा टाकून तो तिच्या पाठीशी बसून राहिला. बायको गप पडलीय म्हणजे तिला झोप लागलीय, अशी त्याची समजूत. झोपेसारखं औषध नाही, असंही तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

दुपारी शेजारची खातूनबी आंबील घेऊन आली आणि दारातच थबकली. लगबगीनं पुढं होऊन ती त्याच्या समोर उभी राहिली.

"महिपतीभाऊ, तुमी हितं बसलाय आनि त्या कवाधरनं पानी मागत्यात की."

"कुटं? झोपलीया ती."

खातूनबीनं वाद घातला नाही. तिनं बजाबाईला खांद्याला धरून हलकेच त्याच्याकडं वळवलं.

महिपतीनं ओठ पाहिले. ते जांभळट झाले होते. ते 'पानी' म्हणत होते, पण 'पा' झाल्यावर थांबत होते, दोनदा श्वास घेत होते आणि मग 'नी' म्हणत होते. उभ्या आयुष्यात त्यानं इतका तुटलेला शब्द पाहिला नव्हता. त्यानं तिला घोटभर पाणी पाजलं.

"लालसाबला टांगा काढाय सांगा," तो म्हणाला.

लालसाब हा खातूनबीचा नवरा. त्यानं टांगा इतक्या घाईनं दाराशी आणला की महिपती पटका घरीच विसरला. खातूनबीही टांग्यात बसली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि न्यूमोनिया सांगितला. त्या काळी त्यावर हमखास औषध नव्हतं. टेकून बसवायचं, शेक द्यायचा, घोटघोट पाजायचं आणि वाट बघायची.

"ताप जाऊन परत आला तेव्हाच आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "धाप लागली, बरगडीत कळ आली, ओठ निळे पडले, तर काढा करत बसायचं नाही. छातीत घरघर कधीपासून आहे?"

"घरघर न्हवतीच," महिपती म्हणाला.

डॉक्टरांनी खातूनबीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. मग ते उठून त्याच्या मागं गेले आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाले, "महिपती." तो समोरच्या खाटेकडं बघत राहिला. डॉक्टर पुन्हा समोर आले आणि मागून मारलेली हाक त्याला ऐकू आली नव्हती, हे त्यांनी त्याला सांगितलं. महिपतीनं ते शेवटपर्यंत वाचलं.

बजाबाई वाचली. धोका टळायला बरेच दिवस लागले आणि तेवढे दिवस महिपती खाटेच्या अशा बाजूला बसला की ती कुठंही वळली तरी तिचं तोंड दिसावं. तिला चार शब्द सलग बोलता यायला लागल्यावर त्यानं विचारलं, "मला ऐकू येत न्हाय, हे तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी पाठीला कान लावला की लोकांना बरं वाटायचं. मलाबी वाटायचं."

महिपतीनं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "त्या दिशी भिंतीकडं तोंड करून पानीच मागत हुतीस न्हवं?"

"पानी मंग मागितलं," बजाबाई म्हणाली. "आदी, दवाखान्यात न्या, म्हनत हुते."

महिपतीची मान खाली गेली. बजाबाई पुढं म्हणाली, "माजा राग न्हाय तुमच्यावर." तो जमिनीकडं बघत होता. मग तिनं हात पुढं करून त्याची हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि तेच पुन्हा सांगितलं.