टोपी काढून बोलणारे काका

मला या परक्या शहरात टिकवून ठेवलं ते स्वयंपाकघरातल्या काकांनी. काय झालं ते पुढे सांगते, पण हे आधी सांगायला हवं, नाहीतर रागाच्या भरात त्यांचंच राहून जाईल.

काका चिडले की आधी डोक्यावरची पांढरी कागदी टोपी काढायचे. नीट घडी घालून खिशात ठेवायचे. मग म्हणायचे, "आते ऐक." टोपी खिशात गेली की भांडी घासणारे दोघंही नळ बंद करायचे.

मी शहाद्याजवळच्या प्रकाशा गावची. दहावीनंतर शाळा सुटली. शहाद्याच्या एका दवाखान्यात चार वर्षं आयाचं काम केलं आणि तिथूनच, पुष्कळ खटपटीनंतर, जर्मनीत म्हाताऱ्या माणसांची सेवा शिकवणाऱ्या कोर्सला आले. आठवड्यात दोन दिवस वर्ग, तीन दिवस एका वृद्धाश्रमात काम. वर्गातली बाकीची मुलं भराभर लिहायची. मी नवे शब्द देवनागरीत तळहातावर लिहून कामावर न्यायचे, आणि तिथे घडीघडी हात धुवायचा नियम! दुपारपर्यंत माझी सगळी विद्या वाहून गेलेली असायची.

पहिल्याच आठवड्यात आश्रमाच्या स्वयंपाकघरात गरम ताटलीचा चटका बसला आणि तोंडातून "माय वं!" निघालं. शेगडीपाशी पाठमोरे उभे असलेले साठीचे एक गृहस्थ गर्रकन वळले.

"कोठली शे तू?"

"प्रकाशानी."

"मी ब्राह्मणपुरीना! वीस वरीस व्हई ग्यात आठे, कोणी 'माय वं' म्हनं नही."

काकांच्या भावांची गावाकडे केळीची शेती. त्यामुळे इथल्या दुकानात त्यांच्यासोबत जाणं म्हणजे संकट. हिरवट, ताठ केळं उचलून ते माझ्या नाकापाशी धरायचे. "वास ई ऱ्हायना का? नही ना? हाई केळं शे का फूटपट्टी?" दुकानातला माणूस बघत राहायचा. मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन दाराकडे सरकायचे.

कामाच्या सुट्टीत ते माझे शब्द घोकून घ्यायचे. हातात वाढायचा डाव असायचा, तो चुकलं की टेबलावर आपटायचे. मी रडकुंडीला आले की म्हणायचे, "मी सातवी, तू दहावी. तू मन्हापेक्षा डबल शिकेल शे. रडस कसाले?" हे कुठल्या गणितात बसत होतं कोण जाणे, पण माझं रडं थांबायचं.

आता ती गोष्ट. आश्रमात तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा न्हाणीघरात घसरून पडलेले सापडले. लागलं फारसं नव्हतं, पण कुणीतरी त्यांना तिथे सोडून निघून गेलं होतं. पाळीवरच्या सिस्टरने बेधडक सांगितलं, त्यांच्यासोबत ही शिकाऊ मुलगी होती. मुख्य बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

मी काय केलं? मोठं माणूस रागावतं तेव्हा आमच्याकडे पोरीने जे करायचं तेच. मान खाली, नजर पायाच्या अंगठ्यावर, तोंडातून शब्द नाही. उलट बोलणं म्हणजे उद्धटपणा, हेच शिकलो ना आपण? तिथे त्याचा अर्थ झाला, गुन्हा कबूल. बाईंनी एक कागद पुढे सरकवला आणि रेघेवर बोट ठेवलं. जातीच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत मी जिथे बोट तिथे सही केलेली. इथेही केली.

चूक माझी, असं त्या कागदात होतं. असा आणखी एक कागद झाला की कोर्स बंद, व्हिसा बंद, घरी परत.

हे लिहितानाही कानशिलं तापतात. सिस्टर खोटं बोलली, ते एक. पण मुलगी गप्प उभी आहे म्हणजे दोषी आहे, हे ठरवायला एवढी शिकलेली माणसं लागतात? तुम्हीच सांगा.

दुपारी भांडी आणायला खाली गेले. काकांनी माझा चेहरा बघून विचारलं, मी सगळं सांगितलं.

"कागद वाचा का तू?"

"नही."

"वाचा बिगर सही करी दिधी? शहादानं तहसील ऑफिस शे का हाई?"

"काका, त्या मोठ्या बाई शेतस..."

"आणि तू काय ल्हान शे? कव्हय पडना तो म्हातारा डोसा?"

"सिस्टर सांगस, बारा वाजता."

काका दाराकडे वळले. स्वयंपाकघराच्या दाराशी एक वही टांगलेली असते. जेवणाची गाडी निघताना जेवण किती गरम आहे ते मोजून लिहायचं, वेळ टाकायची, नेणाऱ्याने सही करायची. गाडी परत आली की पुन्हा वेळ, पुन्हा सही. त्या दिवशी पावणेबाराला पहिल्या मजल्याची गाडी मी नेली होती. एक चाक अडत होतं म्हणून काका स्वतः ढकलायला आले होते. परतलो सव्वाबाराला.

टोपी खिशात गेली. एका हातात वही, दुसऱ्यात माझं मनगट. ऑफिसात काकांनी जर्मन व्याकरणाचं पार भरीत केलं, पण एक गोष्ट स्वच्छ सांगितली, "ही तेव्हा माझ्यासोबत पहिल्या मजल्यावर होती. मी साक्षीदार. लिहून घ्या." मग माझ्याकडे वळून, "आते तू बोल."

क्रियापदं चुकली. पण "मी तिथे नव्हते" एवढं मुख्य बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाले.

कागद फाडला गेला. माफी मात्र कुणी मागितली नाही. सिस्टरने दुसऱ्या दिवशी हसून सुप्रभात म्हटलं, जसं काही घडलंच नव्हतं.

आणि काकांना काय मिळालं? स्वयंपाकघर चालवणाऱ्या ठेकेदाराने महिन्याभरात त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात पाठवलं. वीस वर्षं सूप ढवळणाऱ्या माणसाला खोकी उचलायला लावली. गुडघे आधीच दुखरे. दोन महिन्यांत त्यांनी काम सोडलं आणि गावी जायचं ठरवलं.

"काका, मन्हामुळे..." मी सुरुवात केली.

"तुन्हामुळे? खरं मी बोलनू. त्यामा तुन्हा काय संबंध? फुकट मोठी व्हऊ नको."

ते निघाले त्या दिवशी मी अर्धा दिवस सुट्टी मागितली. मिळाली नाही. कामाच्या पाळ्या आधीच लागल्यात म्हणे. त्यांचं विमान उडालं तेव्हा मी एका आजींना मोजे घालत होते.

आता रविवारी फोन होतो. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. विचारलं की "मी ठीक शे" म्हणतात आणि केळीच्या दरावर घसरतात. पण खाटेवर बसताना त्यांचा श्वास मध्येच अडकतो, तो मला ऐकू येतो. तेवढं आता मी शिकले आहे. सून घरात हात धरायला येते तर तिला हाकलून देतात, असंही कळलं.

काका, कोर्स संपला की माझी पहिली मोठी सुट्टी ब्राह्मणपुरीत. दुखणाऱ्या माणसाला खाटेवरून कसं उठवायचं, पाय कसे टेकवायला लावायचे, किती पावलं चालवायचं, हे सगळं मला येतं. तुम्ही चिडाल, मला हाकलाल. मी जाणार नाही. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुम्हाला चालवून आणीन, रोज. तुमचं माझ्यावर जे आहे ते मी एक दिवस असं फेडीन, या हातांनी.