पितळेच्या दोन तारा

दस्तगीर गेल्याचं मला त्याच्या भावानं सांगितलं, तेही गिटार माझ्या हातात ठेवल्यावर. मिरजेहून साताऱ्यापर्यंत ती त्यानं घोंगडीत गुंडाळून आणली होती. "मास्तरांस्नी द्या म्हणला हुता," एवढंच बोलला. महिना झाला. मलाच का, ते अजून उमगत नाही.

दस्तगीर सतारी करायचा आणि मी मिरजेच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. दुसरं महायुद्ध संपल्यावर मोडीच्या बाजारात त्याला लष्करातले कानाला लावायचे फोन मिळाले. त्यातली लोहचुंबकं काढून त्याला विजेवर वाजणारी गिटार करायची होती. सतारीचा कारागीर, आणि त्याला भोपळा नको, नुसती लाकडाची फळी हवी... मी हसलो, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की त्याच्या दुकानात जाऊन बसू लागलो. चुंबकांभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आम्ही हातानं दिले, टोकं माझ्या रेडिओला जोडली. सहांतल्या चार तारा रेडिओतून खणखणीत बोलल्या, जाड दोन मुक्या. वेढे चुकले म्हणून मी ते तीनदा उसवायला लावले. मग एके दिवशी चुंबक त्याच्या हातून पडलं. उचललं तर केरातले पोलादी तारांचे तुकडे चिकटून वर आले, पितळेचे खालीच राहिले. जाड तारा त्यानं सवयीनं सतारीच्या, पितळेच्या लावल्या होत्या.

"मास्तर, चुंबकाला पितळ दिसतच न्हाई, व्हय?"

हा धडा मी दरसाल पोरांकडून घोकून घेत होतो. वरमून म्हणालो, "मग पोलादी लाव की."

"न्हाई. ऱ्हाऊ द्यात त्या दोन."

मला राग आला. दोन दिवस गेलो नाही. नंतर गेलो तेव्हा तो हनुवटी लाकडावर टेकवून पितळेच्या तारा छेडत बसला होता. दमला असेल, वाटलं. पुढं माझी साताऱ्याला बदली झाली.

भाऊ निघताना उंबऱ्यात घुटमळला. "ही करत हुता तवाच कान जाया लागलं हुतं त्येचं, शेवटची तीन वर्सं तर कायबी ऐकू येत नव्हतं. गिऱ्हाईक तुटंल म्हणून कुणाला बोलला न्हाई."

मला सांगायचं होतंस रं गड्या... गिटार केलीस ती रेडिओतून ऐकू यावं म्हणून, की काहीच ऐकू न येता तार लावायची सवय व्हावी म्हणून? कधी हे खरं वाटतं, कधी ते. विचारू कुणाला?

काल रेडिओ लावला. पोलादी तारा बोलल्या. मग हनुवटी लाकडावर टेकवून पितळेची तार छेडली. रेडिओ गप्प होता. दातांत मात्र खर्ज घुमत राहिला, अगदी सुरात.