तात्यांचे दिवाळीनंतरचे निकाल

हिंदी सिनेमावाल्यांनी सगळ्या देशाला खुशाल फसवावं, पण सुरतेच्या लिंबायतमधल्या एका माणसापुढे त्यांची डाळ शिजत नसे, आणि तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. गल्लीत सगळे त्यांना तात्या म्हणायचे, म्हणून मीही. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत मास्तर होतो आणि ताईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून खोली घेऊन राहत होतो. तात्या मूळचे धुळ्याकडचे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात ते चेकर होते. विणून आलेला कापडाचा ताका काचेच्या टेबलावरून ओढत न्यायचा, खालच्या ट्यूबलाइटच्या उजेडात तुटका धागा, भोक, तेलाचा डाग शोधायचा आणि तिथे खडूची खूण करायची, हे त्यांचं काम. उभा जन्म चुका शोधण्यात गेलेल्या माणसाला तीन तास पडद्यासमोर बसवलं, तर तो तिथे दुसरं काय करणार?

त्यांच्या कारखान्याची सुटी शुक्रवारी आणि माझी शाळा सकाळची, त्यामुळे नव्या पिक्चरचा दुपारचा पहिला खेळ आम्ही बरोबर बघायचो. तात्या धुतलेला पायजमा, इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून निघत, जणू कुणाची सोयरीक ठरवायला चाललेत. सगळ्यात मागची, भिंतीला लागून असलेली खुर्ची त्यांना लागे. खेळ चालू असताना एक शब्द नाही. मध्यंतरात कुणी काही विचारलं तर, "ताका अजून अर्धाच उलगडलाय," एवढंच. निकाल लागायचा तो संध्याकाळी, नाक्यावरच्या चहाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, पहिली बशी संपल्यावर. तिथे आठ-दहा लूमवाले आधीच उभे असत. कुणीतरी अहिराणीत विचारायचं, "तात्या, कसा शे पिक्चर?" आणि तात्या निकाल देत. तो ऐकून गल्लीतल्या बायका रविवारी कुठे जायचं ते ठरवत.

त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. एका पिक्चरमध्ये विधवा आई भर पावसात पोराला पोटाशी धरून रडत होती. अख्खं थिएटर नाक ओढत होतं आणि मीही त्यातच होतो. संध्याकाळी तात्या म्हणाले, "बाई खोटं बोलते. जिच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, तिच्या पदराची घडी अशी कडक कशी? आणि नीट बघा मास्तर, तीच साडी पहिल्या गाण्यात सावकाराच्या बहिणीच्या अंगावर होती." दुसऱ्या एका पिक्चरमध्ये गोळी लागलेला नायक मरता मरता पाच मिनिटं बोलला. त्यावर निकाल असा की, "गोळी उजवीकडून आली, भोक डाव्या खिशाला. माणूस मेला नाही, त्याला कंटाळा आला." लोक हसत, तात्या कधीच हसले नाहीत. चुकीला हसणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

एका वर्षी दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिनसलं. दिवाळीच्या पिक्चरवर ते म्हणाले, "गाणी बरी आहेत, जा." त्याच्या पुढच्यावर, "बापाचा आवाज फार चांगला." आमची मागची खुर्चीही सुटली. आता आम्ही पडद्यापासून तिसऱ्या रांगेत, मान वर करून बसायला लागलो. "मागे लोक फार बोलतात," असं त्यांचं म्हणणं. मग संक्रांतीच्या सुमाराला एक जुळ्या भावांचा पिक्चर आला. तो इतका वाईट होता की मला डोकं दुखल्याचं निमित्त करून उठावंसं वाटलं. तात्यांनी लारीवर जाहीर केलं, "घरच्यांना घेऊन जा. बोलणं ऐकण्यासारखं आहे." रविवारी सगळी गल्ली गेली आणि सोमवारी भांडायला आली. एक लूमवाला तर हात जोडून म्हणाला, "तात्या, जुळ्या भावाच्या जागी पाठमोरा दुसराच माणूस उभा केलाय, बुटका, टकला! तुम्हाला तो दिसला नाही?"

तात्यांनी बशी खाली ठेवली. "दिसला," ते म्हणाले. "पण माफ केला."

तात्या माफ करतात ही बातमी लिंबायतमध्ये फारशी कुणाला पटली नाही. कुणी म्हणालं, वय झालं. कुणी म्हणालं, थिएटरवाल्याने फुकट पास बांधून दिलाय. ते ऐकून मला रागच आला.

खरं कारण मला पुढच्याच शुक्रवारी कळलं. खेळ रंगात आला असताना पडद्यावरचं चित्र अंधूक झालं. नायिका कोणती आणि झाड कोणतं ते कळेना. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या बडवल्या, ऑपरेटरच्या आईबापांचा उद्धार केला. तात्या शांत बसून होते. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "हे लोक कशाला ओरडतात? आवाज तर चालू आहे."

माझ्या न बोलण्यावरून ते समजले, की मला कळलंय. बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. एरवी ते कुणाला धरून चालत नसत.

"घरी सांगू नका, मास्तर."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. उजव्याने काहीच नाही, डाव्याने ढग. तुटका धागा बोटाला लागतो, भोकही लागतं. डाग नाही लागत." मग म्हणाले, "शेठला कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवेल. आणि शुक्रवारी पिक्चरला गेलो नाही, तर लोक विचारतीलच ना, तात्या का नाही गेले?"

मी शब्द दिला आणि त्याच संध्याकाळी मोडला. ताई भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही. "मला दिवाळीतच कळलंय," ती म्हणाली. "रांगोळीवरून चालत गेले. तेव्हापासून मी त्यांचा तांब्या एकाच जागी ठेवते. त्यांनी आपणहून सांगावं म्हणून वाट बघत होते."

दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "मामंजी, सोमवारी डोळ्याच्या दवाखान्यात जायचंय. मी बरोबर येणार आहे." तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दिसत नसूनही ते मला लागलं. पण त्यांनी एक अट घातली. शेठला आधी ते स्वतः सांगणार.

मी सोबत गेलो. तात्या टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, पावसाळ्यापासून माझ्या हातून जेवढे डाग सुटले, ते माझे." शेठने पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाला, "काका, पहेलां केम ना कीधुं?" आधी का नाही सांगितलं, एवढंच. रजा मिळाली. टेबल मात्र गेलं. तिथे दुसरा चेकर आला, आणि तात्यांना बरं झाल्यावर ताक्यांच्या घड्या घालायचं काम मिळालं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. निदान माझ्यासमोर तरी नाही.

मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी गेली, काळा चष्मा गेला आणि होळीच्या आसपास जाड भिंगांचा खरा चष्मा आला. त्याच संध्याकाळी तात्या लारीवर गेले आणि चहा न घेताच म्हणाले, "दिवाळीपासूनचे सगळे निकाल रद्द. मला दिसत नव्हतं." तो हात जोडणारा लूमवालाच पुढे झाला आणि त्याने आपली बशी त्यांच्या हातात दिली.

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. दिवाळीनंतरचे सगळे पिक्चर त्यांना पुन्हा तपासायचे होते, पण बाकीचे कधीच उतरले होते. जुळ्या भावांचा तेवढा शहराबाहेर कडोदऱ्याच्या एका थिएटरात चालू होता. दुसऱ्याच दिवशी भर उन्हात रिक्षा बदलत आम्ही तिथे पोचलो. थिएटरात मोजून अकरा माणसं. तात्या मागच्या भिंतीपाशी ताठ बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

बाहेर आल्यावर मी लारीची वाट न बघता विचारलं, "काय तात्या?"

"भिकार आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पण मास्तर, दिसत नव्हता तेव्हा मी त्या दोघा भावांसाठी रडलो होतो."

रिक्षाच्या वाटेवर ऊन होतं. तात्या चालता चालता थांबले, चष्मा वर सरकवून त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं, अगदी जवळून.

"मास्तर, तुमचे केस पांढरे व्हायला लागलेत की. हे कधी झालं?"

"झाले असतील," मी म्हणालो.

त्यांनी हात वर करून माझ्या कानशिलावरच्या केसांवरून बोट फिरवलं आणि मग रिक्षाला हात केला.