गळ पाण्यात असेपर्यंत

तार दुपारी आली. शाळेतून येऊन मी पायांवर पाणी घेत होते, तेवढ्यात दारात तारवाला. सही केली. घडी उलगडली आणि तो कागद मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. मग परत वाचला; ठिकाण, वेळ, पाठवणाऱ्याचं नाव, सगळं. हौसावहिनी गेली होती. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तार अर्धवट वाचायची चूक मी जन्मात एकदाच केली आहे, आणि जिच्या बाबतीत केली तिच्याच मरणाची ही तार होती. त्या चुकीबद्दल आठ वर्षं मी कुणापाशी तोंड उघडलं नाही. वहिनीपाशी तर नाहीच.

हौसावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव उंब्रजपासून दीडेक कोसावर, कृष्णेच्या काठाला. दादा फौजेत. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात आई, वहिनी आणि कऱ्हाडच्या कॉलेजातून सुट्टीला येणारी मी. वहिनीचं माहेर खाली सांगलीकडे, नदीला अगदी लागून. तिकडे बाप, चुलते, लेकी, सगळेच गळ टाकायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेराहून परत आली, ती एसटीच्या टपावर कळकाची लांबलचक काठी टाकूनच. आईने कपाळाला हात लावला. "सुना माहेराहून करंज्या आणत्यात, आमची काठी घिऊन आली," असं ती पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. दादा मात्र पोट धरून हसला, आणि पुढच्या रजेवर येताना त्याने बायकोला साडी न आणता तंगुसाची गुंडी आणि गळांची पुडी आणली. ती पारदर्शक दोरी वहिनी बोटाला गुंडाळून उन्हात धरायची आणि मला विचारायची, "दिसती का बगा. न्हाई न्हवं? मग माशाला कशी दिसल?"

मासे खायची तिला फारशी हौस नव्हती, हे कुणाला खरं वाटत नसे. मिळालेला मासा ती वाटेतल्या कुणालाही देऊन टाकायची, लहान असला तर परत सोडायची. तिला बसायला आवडायचं. सकाळचं काम उरकलं की काठी खांद्यावर, डब्यात ओल्या मातीतली गांडुळं, आणि गावाखालच्या डोहाकडे. मला ती पहिल्यांदा घेऊन गेली तेव्हा मी जीव मुठीत धरून गेले होते. डोह काळाकुट्ट, काठाला सपाट खडक, आणि त्या डोहात सुसर असल्याचं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. वहिनीने खडकावर बैठक मारली, ज्वारीच्या ताटाचा वाळका तुकडा दोरीला बांधून तो पाण्यावर तरंगत सोडला आणि मला म्हणाली, "काटापासनं काठीभर लांब बसायचं. बुडबुडं एका रांगेनं येत दिसलं की उटून चालाय लागायचं. आन् गळ पाण्यात हाय तवर बोलायचं न्हाई. घरात आग लागली तरी गळ भायेर काडल्यावर सांगायचं."

तासभर मी रांगेतले बुडबुडे शोधत बसले. पाण्यात काही हललं की मी पाय जवळ ओढून घ्यायचे. मग तो ताटाचा तुकडा थरथरला, एकदा बुडाला, वर आला, आणि सरळ खाली गेला. वहिनी घाई न करता उठली, काठी जराशी तिरकी केली, आणि हातभर मरळ खडकावर येऊन आपटली. मी ओरडून मागे सरकले. ती हसली नाही. माशाच्या तोंडातून गळ काढताना ती एवढी हलक्या हाताने काढायची की बघणाऱ्याला वाटावं, दुखणाऱ्याचा काटा काढतेय. बहात्तरच्या दुष्काळात डोहाचं डबकं झालं, गावातली पोरं टोपल्यांनी मासे उपसायची, तेव्हा तिने वर्षभर काठीला हात लावला नाही. "त्यास्नी पळाय जागा न्हाई, त्यात कसली आलीया मजा," म्हणायची. पण ते पुढचं झालं. मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या डिसेंबराचं, म्हणजे एकाहत्तरच्या लढाईचं.

लढाई लागली आणि आईने निरोप धाडून मला कऱ्हाडहून घरी बोलावून घेतलं. दादा पूर्वेकडच्या आघाडीवर होता एवढंच माहीत. पत्र येऊन महिना उलटला होता. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे सगळ्या गावाने श्वास रोखून धरल्यासारखं झालं होतं. चावडीवरच्या रेडिओपुढे बाप्ये जमायचे, आणि बायका उंबऱ्यात उभ्या राहून त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. दुपारी बाराच्या सुमाराला उंब्रजहून दत्तू पोस्टमन सायकलवर यायचा. एरवी त्याला हाका मारमारून चहा पाजणारी माणसं आता त्याची घंटी वाजली की दारं लोटून घ्यायची. घंटी आपल्या दारावरून पुढे गेली की हायसं वाटायचं, आणि ती पुढच्या कुणाच्या दारात थांबेल म्हणून लाजही वाटायची. दोन तारा आसपासच्या गावांत येऊन गेल्या होत्या.

आणि नेमकी त्याच वेळी वहिनी रोज गळ टाकायला जाऊ लागली. साडेअकराला काठी उचलायची, ती दिवस कलला की घरी. गावात बोलणं सुरू झालं. नवरा तिकडे गोळ्या झेलतोय आणि ही मासे धरतेय. आईने बोलणंच टाकलं. मलाही तिची चीड आली होती, खोटं कशाला बोलू. एके दिवशी मी तणतणत डोहावर गेले आणि विचारलं, "वैनी, तुमाला काय वाटतं का न्हाई?" तिने आधी गळ पाण्याबाहेर काढला, मग माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. "वन्सं, हितनं वाट दिसत न्हाई," ती म्हणाली. "घंटीबी ऐकू येत न्हाई. घरात बसलं तर बारा वाजायच्या आदीपासनं माजं हातपाय गार पडत्यात." सुसरीच्या डोहावर एकटी बसणारी ही बाई सायकलच्या घंटीला भीत होती. त्या दिवसापासून तिची भाकरी घेऊन मीच डोहावर जायला लागले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ओढ्याच्या वळणावर दत्तू मला भेटला. सायकल हातात धरून उभा होता, चालवत नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं.

"ताई, तुमच्या घरची हाय," तो म्हणाला. "तुमाला विंग्रजी येतंय. तुमीच वाचा, तुमीच सांगा. तुमच्या आईम्होरं माजं पाय न्हाई वळत." कागद माझ्या हातात देऊन तो माघारी फिरला.

मी घडी उघडली. मोठ्या इंग्रजी अक्षरांत पहिलाच शब्द होता 'रिग्रेट', म्हणजे खेद. कॉलेजात पोरी बोलायच्या, माणूस गेल्याची तार याच शब्दाने सुरू होते म्हणून. त्याच्याखाली दादाचा नंबर आणि नाव दिसलं. त्यापुढे मी वाचलं नाही. वाचलं नाही म्हणजे मला वाचताच आलं नाही... डोळ्यांपुढे अक्षरं होती आणि ती अक्षरं आहेत एवढंच कळत होतं. मी घडी घातली, कागद झंपराच्या आत खोचला आणि भाकरीचं फडकं सावरत डोहाकडे चालू लागले.  वाटेत एकच विचार: तिला सांगायचं आहे. आता. मी सांगितलं की तिचं सगळं संपलं.

वहिनी खडकावर बसली होती. गळ पाण्यात. मी तिच्या मागे हातभर अंतरावर बसले. तिने मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत पाण्याकडे बघायला लागली. मी मनाशी म्हटलं, गळ बाहेर काढला की सांगू. तिचाच नियम होता ना. ती थोड्या थोड्या वेळाने गळ काढून आमिष बघायची, नवं लावायची. तेवढीच वाट बघू. पण त्या दिवशी तिने गळ काढलाच नाही. ताटाचा तो तुकडा पाण्यावर नुसता पडून होता. ऊन डोक्यावरून सरकलं. भाकरी तशीच राहिली. पलीकडच्या काठावर कुणीतरी बैल पाण्यावर आणले आणि नेले.  तिच्या पाठीकडे, अंबाड्याकडे, हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे मी बघत होते आणि मनात म्हणत होते, काढू नको. वहिनी, गळ काढू नको.

तीन तास गेले असतील. मग ती उठली, काठी वर घेतली. गळ उन्हात लखकन चमकला. त्याला काहीच नव्हतं. माशाने आमिष खाल्लं असेल असं मला वाटलं. "चला वन्सं," ती म्हणाली. आता सांगायला हवं होतं. मी भाकरीचं फडकं गोळा केलं आणि उठले. ती पुढे, मी मागे, अशा उसाच्या कडेने चाललो. मधेच मला असं वाटलं की निदान कुठे, कधी, एवढं तरी मला सांगता आलं पाहिजे. तिच्या पाठीमागे चालता चालता मी कागद काढला आणि वाचला. कळवण्यास खेद होतो की... जखमी. पायाला गोळी. इस्पितळात हलवलं आहे. मी तिथेच थांबून तो शब्द पुन्हा वाचला. जखमी. दादा जिवंत होता.

"वैनी," मी किंचाळलेच. "दादा जखमी हाय. हाय तो, हाय." वहिनी वळली आणि होती तिथे मातीत बसली. "परत वाचा," म्हणाली. मी वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचताना मला रडू फुटलं. मग तिने विचारलं, "कवा आली?" आणि मी खोटं बोलले. "आत्ताच. मगाशी वळणावर दिली दत्तूनं," म्हणाले. वळण आम्ही अजून गाठलंही नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. "व्हय?" एवढंच म्हणाली, आणि पदराने माझं तोंड पुसलं.

दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला पुण्याच्या लष्करी इस्पितळात आणल्यावर वहिनी तिकडे दोन महिने राहिली. घरी आल्यावर कुबडी बाजूला ठेवून तो तिच्याशेजारी खडकावर बसायला लागला. गळ टाकायला तिनेच शिकवलं, आणि त्याच्या घाईवरून ती त्याला बोलायचीही. मी शाळेत नोकरीला लागून सांगलीत आले. दर सुट्टीला गावी गेले की वाटायचं, आज सांगून टाकावं. ती माझ्या आवडीचं कालवण करायची, जवळ बसून वाढायची, आणि मी ताटावरून नजर वर उचलत नसे. तिने त्या तारेवरची वेळ कधी बघितली असेल का? तिचा नवरा तिकडे पडला आहे हे मी तिच्यापासून तीन तास लपवलं, हे तिला कळलं तर ती माझ्याकडे कसं बघेल? तार आली त्या रात्री मी पोचेपर्यंत सगळे थांबले होते; तिचा मळवट मीच भरला. तेव्हाही माझा हात कापत होता आणि बायकांना वाटलं, दुःखाने कापतोय.

तेराव्याचे पाहुणे पांगले त्या दुपारी दादा सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. वळण, तार, पहिला शब्द, तीन तास, खोटं. सांगताना मी जमिनीकडेच बघत होते.

"मला ठावं हाय," दादा म्हणाला.

मी वर बघितलं.

"इस्पितळातच सांगितलं हुतं तिनं. तुज्या झंपरातनं कागदाचा कोपरा दिसत हुता म्हणं. तू आलीस, मागं बसलीस, बोलली न्हाईस, तवाच तिला वाटलं मी गेलो. गळाचं आमिष तू यायच्या आदीच माशानं खाल्लं हुतं, शाले, तिला ठावं हुतं. तरी नुसता गळ सोडून बसली हुती. काडला तर तू सांगशील म्हणून."  "मला म्हणली, वन्संनी मला तीन तास जादा कुंकू लावू दिलं. त्यास्नी कळू दिऊ नगा, उगा जीव खातील म्हणली."

 मग तो सावकाश म्हणाला, कापल्या पायावर हात फिरवत. "तू तवाच सांगितलं असतंस, न वाचता, तर तिनं तितंच खडकावर बांगड्या फोडल्या असत्या. मी जित्ता असताना."

सोप्याच्या कोपऱ्यात तिची काठी उभी होती. कुणाला टोचू नये म्हणून गळ कळकाच्या पेरात खोचून ठेवलेला, तंगूस नीट गुंडाळलेलं. आईने ती माडीवर टाकायला सांगितलं होतं. दादाने हलवू दिली नव्हती. मी उठून काठीजवळ गेले, पण हात लावायचा धीर मला झाला नाही.