वस्तरा घेतला, पट्टा चुकला

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडं दूध संघ निघाला. हसू नका, खरंच निघाला. जनावरं छावणीत उभी राहायच्या लायकीची उरली नव्हती, पण संघाला चेअरमन होता, व्हाइस चेअरमन होता, दारावर बोर्ड होता आणि बोर्डावर गुबगुबीत गाय रंगवलेली होती. त्या साली पोटभर जेवलेली गाय मी तेवढी एकच बघितली. तर ह्या संघात कारकुनाची जागा निघाली आणि मी मॅट्रिक पास, म्हणून मला मुलाखतीचं कार्ड आलं.

मी, आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, तिघंही तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. कार्ड बघून आबा म्हणाले, "कापडं धुऊन घे. अन् त्या तोंडाचं काय तरी कर."

तोंडाचं करायचं काय, हाच घोळ होता. गावात न्हावी होता. हात हलका होता म्हणे. म्हणे अशासाठी, की आमच्या गालाला तो कधी लागलाच नाही. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतली एक दाढी केली की तो वस्तरा मग गावाला चालत नसे. बरं, खडीवर हाच न्हावी आमच्या शेजारी बसून दगड फोडायचा, आमच्याच रांगेत उभा राहून पोटाला सरकारी सुकडी घ्यायचा. सुकडी बाटत नव्हती, वस्तरा तेवढा बाटायचा. लई नाजूक हत्यार!

तालुक्याला सलून होतं, तिथं कुणी विचारत नसे. एकदा गेलो. अर्ध्या गालाला फेस लागला आणि शेजारच्या खुर्चीतून आमच्या गावचा एक भला माणूस आरशात बघत म्हणाला, "कावून बे, तू हितं?" आणि त्यानं आमच्या वस्तीचं नाव घेतलं. सलूनवाल्याला एकदम दुसरं काम आठवलं. मी बाहीनं फेस पुसत बाहेर आलो आणि रस्त्यातच ठरवलं, आता गाल आपला आणि वस्तराही आपला.

सेफ्टी रेझर मिळत होता की! शाळेतल्या मास्तरांकडं होता. पण मला वस्तराच पाहिजे होता. जो आमच्या वाट्याला आला नाही, तोच खिशात घालून गावातून हिंडायचं होतं. विशीतली अक्कल, दुसरं काय.

आष्टीच्या बाजारात एक म्हातारे चाचा कात्र्या-सुऱ्या मांडून बसायचे. मी पांढऱ्या मुठीचा, चकाकणारा वस्तरा उचलला. चाचा म्हणाले, "लगीन लावायचं का त्याच्यासंगं? चेहरा कावून बघतो? धार बघ." त्यांनी एक काळपट वस्तरा मनगटावरच्या लवेवरून नुसता फिरवला. तेवढी जागा साफ झाली. तो घेतला. इथवर सगळं ठीक. मग त्यांनी चामड्याचे पट्टे काढले. दाढीच्या आधी वस्तरा पट्ट्यावर उलटसुलट फिरवायचा, नाहीतर धार बसत नाही, असं समजावलं. एक पट्टा ताठ होता, एक लोण्यासारखा मऊ. चाचा ताठ पट्टा पुढं करत होते. मी म्हटलं, मला काय शिकवता! मऊ पट्टा असला की दाढीही मऊच होणार, एवढं मॅट्रिक पास माणसाला कळत होतं.

घरी आबांनी वस्तऱ्याकडं बघितलंही नाही. पट्टा बघितला आणि भडकले. "कातडं? माझ्या घरात कातडं?"

धर्म बदलला त्या साली आबांनी मेलेली ढोरं ओढायची, सोलायची सोडली होती. सुरी विहिरीत फेकली होती. गावानं त्यापायी बलुतं बंद केलं, तरी ते हलले नाहीत. "आता रोज ढोरं मरत्यात. गाव आजबी हाका मारतंय. गेलो का मी?" गंमत बघा, गावचा न्हावी अशाच ढोराच्या कातड्यावर वस्तरा घासून पाटलाच्या गालावरून फिरवायचा. मेलेलं ढोर चालत होतं, जिवंत माणूस चालत नव्हता. पण हे आबांना सांगायची माझी छाती नव्हती. पट्टा दाराबाहेरच्या खुंटीला गेला.

दुसऱ्या दिवशी बाहेरच बसून पट्ट्यावर वस्तरा फिरवला आणि दाढी केली. दाढी कसली, खडीकामच ते. रक्त तीन ठिकाणी आणि केस जिथल्या तिथं. आई म्हणाली, "कुणासंगं भांडलास रं?" आठवडाभर नेटानं सराव केला, तर ओळखीची कुत्रीसुद्धा माझ्यावर भुंकायला लागली. मुलाखत चार दिवसांवर आली आणि मी अक्षरशः रडकुंडीला आलो.

आबा उठले. बाहेर जाऊन खुंटीवरचा पट्टा त्यांनी अंगठ्याखाली दाबला. "गाढवा, पोटाचं कातडं हाय हे. ताणतं. धार मरणारच. पाठीचं लागतं." हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

बाजाराच्या दिवशी स्वतः आले. चाचांच्या ढिगातला एकेक पट्टा वाकवला, हुंगला, एक बाजूला काढला, आणि मग कितीतरी वेळ धोतराला हात पुसत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका कारकुनीसाठी मी त्यांना काय करायला लावलं होतं!

मुलाखतीच्या सकाळी वस्तराही त्यांनीच पाजळला आणि मला समोर बसवलं. "हलू नको. जित्यावर कधी चालवला न्हाई मी." रक्ताचा एक थेंब आला नाही.

संघाच्या ऑफिसात चेअरमनांनी कामाचं काहीच विचारलं नाही. माझ्याकडं टक लावून म्हणाले, "वा! दाढी लई झ्याक. आमच्या न्हाव्याला असली कधी जमली न्हाई. कुणाकडं केली?"

मी फुशारकीनं म्हणालो, "घरीच, साहेब. वडलांनी केली."

त्यांनी अर्जावरचं आडनाव पुन्हा वाचलं. मग डायरेक्टर मंडळींकडं वळून म्हणाले, "मग नोकरी कावून पाहिजे ह्यांना? सहकारी सलून काढा म्हणावं. उद्घाटनाला आमी येतो." सगळे खो खो हसले. मीही हसलो. चेअरमनांचा राग कधीच गेला. माझ्या त्या हसण्याचा अजून जात नाही. जागा हातची गेली, हे खुर्चीतून उठतानाच कळलं.

आबा बाहेर लिंबाखाली थांबले होते. लगबगीनं पुढं आले. "काय इचारलं?"

"दाढीचं इचारलं. लई झ्याक झाली म्हणले."

आबांचं तोंड फुललं. घरी पोचेपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला थांबवून ते सांगत होते, की खुद्द चेअरमननं आमच्या पोराच्या दाढीचं कौतुक केलं.